लक्ष्मीपूजनाला स्मशानात गेले होते. हो, गेले होते!

सकाळपासून डोकं तडकलंय. ऑफिसात बसून लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून घरी येऊन, चहा ठेवून, स्वेटरसुद्धा न काढता लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

झालं असं. शुक्रवारी संध्याकाळी मी एका हंगेरियन खेड्यातल्या दफनभूमीत होते. अंधार आणि त्यात शेकडो दिवे, लाल काचेचे, पांढऱ्या काचेचे. त्याचा फोटो काल रात्री घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमची इथली दिवाळी’. आज सकाळी काकांचा मेसेज: ‘लक्ष्मीपूजनाच्या दिवशी स्मशान? परदेशात गेलं म्हणून घरचं वळण विसरू नये.’ ठीक आहे, काका आहेत, बोलणारच. पण दहाच मिनिटांनी त्यांनी एक फॉरवर्ड टाकला. तुम्हा सगळ्यांना पाठ असेल तो. युरोपात कुटुंब उरलेलं नाही, म्हातारे एकटे मरतात, शेजाऱ्याला वास आल्यावर कळतं, आपली कुटुंबव्यवस्था जगात श्रेष्ठ वगैरे. खाली सतरा जणांचे जोडलेले हात.

मी तीन दिवस त्या ‘उरलेलं नाही’ कुटुंबांतच राहून आले होते. अंगाला अजून त्यांच्या चुलीच्या धुराचा वास होता.

तीन वर्षं झाली बुडापेस्टला येऊन, पण दरवर्षी दिवाळीला मी घरी पळते, त्यामुळे इथला नोव्हेंबर कधी पाहिलाच नव्हता. यंदा रजा संपल्या. 1 नोव्हेंबरला इथे सुट्टी असते, मिन्देनसेन्तेक, म्हणजे सगळ्या संतांचा दिवस, आणि 2 तारखेला मृतांचा दिवस. यंदा 1 तारीख शुक्रवारी आली आणि आपलं लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी. मी घरात एकटी कुढत बसणार हे माझ्या दोन मैत्रिणींनी ओळखलं. दोघी ऑफिसमधल्या, दोघींची घरं दक्षिणेकडच्या सपाट मुलखात. एक किश्कुनफेलेद्यहाझाजवळच्या खेड्यातली, दुसरी सेगेदजवळची. नावं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. एकीला किश्कुनवाली म्हणू, दुसरीला सेगेदवाली.

किश्कुनवाली आदल्या दिवशीच गेली होती, थडगी धुवायला. त्यामुळे मी एकटी न्युगाती स्टेशनवर. (आयफेल टॉवरवाल्या आयफेलच्या कंपनीनं 1877 मध्ये बांधलेलं स्टेशन, फार देखणं, आणि फार गळकं.) बाहेर बघते तर बादल्याच बादल्या शेवंतीच्या! पिवळीधमक, पांढरी, ती विटकरी रंगाची छोटी. बायका रांग लावून घेत होत्या. मला काय वाटावं? मंडईच्या दारात उभी आहे मी, धनत्रयोदशीच्या सकाळी. घशाशी काहीतरी आलं. दहा पिवळ्या काड्या मोजून घेतल्या, पहिल्यांदा कोणाच्या घरी जातोय, रिकाम्या हातानं कसं जायचं? फुलवालीनं वर विचारलं, दिवा हवा का? मी मनात म्हटलं, वा, दिवेसुद्धा. एझेर फोरिंत म्हणाली. एझेर म्हणजे हजार, आणि शब्दसुद्धा मुळात आपला हजारच, इराणी भाषांतून यांच्याकडे आलेला. मी तोही घेतला. किती शहाणी मी.

गाडीत उभं राहायला जागा नाही. प्रत्येकाच्या हातात शेवंती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, काय रसिक लोक आहेत.

किश्कुनवालीच्या आजीचं घर लांबट, बैठं, पुढे पडवी. दारात चपलांचा ढीग. हो, इथे चपला बाहेर काढतात आणि पाहुण्याला घरातल्या वेगळ्या देतात, त्यांना म्हणतात पापुच, आपल्या जुन्या पापोशाचा भाऊ. आत अकरा माणसं. मैत्रिणीची आई, बाबा, दोन मावश्या, पोरं, आणि ऑस्ट्रियात काम करणारा मामा, जो रात्रभर गाडी हाकून आला होता. आजी एक्क्याऐंशीची, ठेंगणी, फुलाफुलांचा बिनबाह्यांचा झगा, पुढून बटणं, डोक्याला रुमाल. मी पाठ करून गेलेलं ‘चोकोलोम’ म्हटलं. म्हाताऱ्या बायकांना असंच म्हणतात, अर्थ ‘हात चुंबते’, आपल्या ‘नमस्कार करते’सारखं. आणि झोकात पुढे केला शेवंतीचा गुच्छ.

शांतता. मैत्रिणीच्या आईनं तोंडावर हात ठेवला. मामा खिडकीबाहेर बघायला लागला.

शेवंती इथे फक्त थडग्यावर वाहतात. जिवंत माणसाला कोणी देत नाही. त्यातून जिवंत माणसाला फुलं द्यायची तर विषम, सम संख्या मेलेल्यांची. मी दहा दिली होती. वर एक थडग्यावरचा दिवा.

आजीनं गुच्छ हातात घेतला, एक एक काडी बोटानं बाजूला करत मोजली, दहापर्यंत, मोठ्यानं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मेग नेम, किश्लान्योम.’ अजून नाही गं, पोरी. आणि असं हसली, असं हसली की कवळी सांभाळावी लागली तिला. मग सगळं घर हसलं. मी रडले. (मला हसताना रडू येतं, तुम्हाला माहितीये.)

आता मला सांगा. दोन वर्षांपूर्वी ही किश्कुनवाली माझ्या भावाच्या लग्नाला आली होती. उकाड्यात नऊवारी नेसून उभी राहिली पोरगी. तिनं डाव्या हातानं प्रसाद घेतला तर आमच्यातल्या किती जणींनी किती तोंडं वाकडी केली! तिचं ताट वेगळं घासायला टाकलं होतं, ‘तसलं’ खाणारी म्हणून. तिला कळलं नाही असं आम्हाला वाटलं. तिला कळलं होतं, तिनं मला शनिवारी गाडीत सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. आणि मी इथे जिवंत बाईला तिच्या दारात थडग्याची फुलं दिली, तर तिनं मला आधी जेवायला बसवलं.

आई, तू वाचत असशील तर हा परिच्छेद सोड. बाकीच्यांसाठी कोंबडीचं सूप, केसासारख्या बारीक शेवया घातलेलं. माझ्यासाठी बटाट्याचा पाप्रिका घातलेला रस्सा, सॉसेज न घालता, वेगळ्या पातेल्यात. आजीनं तीनदा सांगितलं, ‘हूश निंच बेन्ने’, मांस नाही त्यात. कांदा मात्र चांगलाच खमंग लागत होता, आणि थंड झाल्यावर ताटलीच्या कडेला पांढरं गोठलं. डुकराची चरबी. इथल्या जुन्या बायकांच्या हिशेबी चरबी म्हणजे मांस नव्हे, तेल. मी विचारलं नाही. संपवला. दुसऱ्यांदाही घेतला, कारण ती बाजूला उभी राहून ‘एद्येल, एद्येल’ करत होती, जेव, जेव, आणि हातातला डाव माझ्या ताटलीवर आधीच वाकलेला होता. ज्यांना यावरून मला अनफ्रेंड करायचंय त्यांनी करा.

आणि शेवटी आल्या माकोश तेस्ता. पट्टीच्या शेवया उकडून त्यावर वाटलेली खसखस आणि पिठीसाखर, ढीगभर. यांची खसखस पांढरी नसते, निळसर काळी. पहिल्या घासाला माझ्या जिभेवर अनारसा आला. लक्ष्मीपूजनाची दुपार, आणि खसखस. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे आज ज्या पदार्थावर खसखस असते तो तळताना हसतो, म्हणजे विरघळतो. हंगेरियनमध्ये ‘अनारसा हसला’ सांगून बघा एकदा.

चारच्या सुमारास इथे दिवस मावळतो. सगळे निघालो, बादली, ब्रश, फुलं, दिव्यांची पिशवी. आजी पुढे. दफनभूमी गावाच्या टोकाला, बाभळीसारख्या काटेरी झाडांच्या रांगेमागे. अख्खं गाव तिथे. लोक एकमेकांच्या थडग्यापाशी थांबतात, गप्पा मारतात, हे कोणाचं, ते कोणाचं, यंदा तुमच्याकडे कोण कोण आलंय. पोरं दिवे लावायला भांडतात, लाल मी लावणार, लाल मी लावणार. आपल्याकडे किल्ल्यावर मावळे मांडायला भांडतात ना, अगदी तसंच.

आजोबांचं थडगं काळ्या दगडाचं. वर आजोबांचं नाव. आडनाव आधी, मग नाव, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं. युरोपात ही पद्धत यांचीच. त्याखाली आजीचं नाव. मी चमकले. आजी तर माझ्या शेजारी उभी! नाव कोरलेलं, त्यापुढे ‘1943 –’ आणि पुढे रिकामी गुळगुळीत जागा. इथे जोडीचा दगड एकदमच करून ठेवतात, स्वस्त पडतं. बरं, नाव तरी तिचं कुठे? नवऱ्याच्या नावाला मागे ‘ने’ जोडला की झालं, अमक्याची बायको. (आमच्याकडे बायकांची नावं सातबाऱ्यावरून जातात, यांच्याकडे नावातूनच गेली. त्याबद्दल पुढे.)

आणि मग ती गुडघ्यावर बसली, ब्रश घेतला, आणि ते अक्षर न् अक्षर घासायला लागली. आधी नवऱ्याचं. मग स्वतःचं. 1 घासला, 9 घासला, 4, 3, ती आडवी रेघ घासली, आणि पुढची रिकामी जागाही घासली. पाणी ओतलं. पदरानं पुसावं तसं रुमालानं पुसलं. मग हात मागे केला, माझ्याकडे. मला कळेना. मैत्रीण म्हणाली, तुझी फुलं मागतेय.

दहाच्या दहा काड्या तिनं आपल्या बाजूला ठेवल्या. म्हणाली, आणलीच आहेस तर वाया कशाला घालवायची.

काका, हे वळण कुठलं ते सांगा मला.

बरं, फॉरवर्डवाल्यांना न्याय द्यायचा तर, हो, आजी बाकीचं वर्ष एकटी असते. कोंबड्या, टीव्ही आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर. हो, गावातली अर्धी घरं बंद आहेत, पोरं बुडापेस्टला नाहीतर व्हिएन्नाला. मान्य. पण मग आमच्या वाईजवळच्या गावात काय गोकुळ नांदतंय? तिथे दिवाळीला कुलूप आणि गणपतीला दोन दिवस गाड्यांचा ट्रॅफिक जाम. आणि हो, सगळं गोडगोड नव्हतं. गावातल्या दारूच्या गुत्त्यापुढून जाताना एकजण माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, आणि मैत्रिणीनं त्याचं भाषांतर केलं नाही.

पुढचे दोन दिवस सेगेदवालीकडे. तिकडचं थोडक्यात सांगते कारण तिकडे मी नुसतं खाल्लं. पडवीभर मिरच्यांच्या माळा, लालभडक, आपल्या ब्याडगीपेक्षा जाड सालीच्या. ही मिरची मुळात अमेरिकेची. आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली, यांच्याकडे तुर्कांनी, आणि आता दोघांनाही वाटतं ती आपलीच. पूर्वी गावच्या बायका एकेक मिरची चिरून आतल्या शिरा काढायच्या, तिखटपणा कमी व्हावा म्हणून. हात रात्रभर जळायचे असं तिची आई सांगत होती, आणि मी मसाला कुटणाऱ्या माझ्या पणजीचे हात सांगत होते. तिच्या बाबांनी, मी भारतीय म्हणून, घरातली सगळ्यात जहाल भुकटी आणली आणि सगळे टक लावून माझ्याकडे बघत बसले. मी बोटावर घेऊन चाटली. खरं सांगू? फिक्की. पण मी हा-हू केलं, कान धरले. एवढा दिलदार माणूस, त्याचा पापड कशाला मोडा.

त्यांनी सेगेद दाखवलं. याच शहरातल्या सेंत-ज्यॉर्जींनी मिरचीतून सी जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि 1937 चं नोबेल मिळवलं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, जणू शेजारचाच पोरगा. 1879 मध्ये तिसा नदीच्या पुरात हे शहर जवळजवळ पुसलं गेलं, पावणेसहा हजार घरांतली तीनशेसुद्धा उरली नाहीत. नंतर बांधताना बाहेरच्या गोल रस्त्याच्या तुकड्यांना मदत करणाऱ्या शहरांची नावं दिली, पॅरिस, लंडन, रोम, ब्रसेल्स. पुण्यात पानशेतनंतर कोणी काय केलं, ते कुठल्या पाटीवर आहे? असो. विषय भरकटला.

खरं तर मी भरकटवतेय. जे सांगायचंय ते त्या शुक्रवारचंच आहे.

दफनभूमीच्या मध्यावर एक मोठा क्रूस असतो. ज्यांची माणसं इथे पुरलेली नाहीत, लांब कुठेतरी गेली, सापडलीच नाहीत, ते लोक तिथे दिवा लावतात. आपल्या दगडापाशी सगळं उरकल्यावर आजी एकटीच तिकडे निघाली. मैत्रीण कानात म्हणाली, तिच्या वडिलांसाठी. 1942 मध्ये हंगेरीचं सैन्य जर्मनांबरोबर रशियात डॉन नदीपर्यंत गेलं आणि 1943 च्या जानेवारीत त्या बर्फात त्याची धूळधाण झाली. ते परत आलेच नाहीत. आजी त्याच हिवाळ्यात जन्मली. बापाला तिनं पाहिलेलं नाही, बापानं तिला पाहिलेलं नाही, आणि ही बाई दरवर्षी त्याच्यासाठी दिवा लावते, आयुष्यभर.

माझ्या पिशवीत तो हजार फोरिंतचा दिवा तसाच होता.

तुमच्यापैकी काहींना माहितीये, एप्रिल 2021 मध्ये आमचे आजोबा गेले. कोविड. आम्हाला कोणाला जवळ जाता आलं नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी नेलं, दुसऱ्या दिवशी अस्थी मिळाल्या, त्या वाईला कृष्णेत सोडल्या. आपल्यात जागा राहत नाही. चांगलंच आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण तीन वर्षांत मला जाऊन उभं राहायला कुठे जागाच नव्हती, हे मला त्या क्रूसापाशी कळलं. मी आजीला खुणेनं विचारलं, लावू का? तिनं माझ्या हातातली काडेपेटी घेतली, कारण माझ्या हाताला वारा लागत होता, आणि आपल्या दोन्ही तळहातांचा आडोसा केला. ते हात मी इतक्या जवळून पाहिले. अंगठ्याला काळ्या भेगा, दगड घासून नखांत हिरवं शेवाळ.

दिवा लागला. पत्र्याचं झाकण बसवलं. तिच्या बापाच्या दिव्याला टेकवून ठेवला. मग मी फोटो काढला.

तोच फोटो, काका. ज्याला तुम्ही अशुभ म्हणालात. पुढचा, डावीकडून दुसरा, लाल काचेचा. तो तुमच्या वडिलांसाठी होता.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे लिहिलं असतं तर पुन्हा जोडलेले हात आले असते.

आणि कुटुंबव्यवस्थेचं काढलंच आहे म्हणून. आजोबांचं वर्षश्राद्ध झालं आणि महिन्याच्या आत आत्याला तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. 2005 पासून कायद्यानं मुलीचा वाटा सारखा आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर घाई. आत्या काही बोलली नाही. ‘भाऊ तुटायला नको’ एवढंच म्हणाली. सही केली, आणि भाऊ तुटला तो तुटलाच. तेव्हापासून भाऊबीजेला तिच्याकडे कोणी गेलेलं नाही. काल भाऊबीज होती. काल दिवसभर ग्रुपवर ओवाळणीचे तयार फोटो फिरत होते, त्यातले चार काकांचे.

मी मोठी साधी आहे असं समजू नका. त्या सहीच्या दिवशी मी मुंबई-बुडापेस्ट तिकिटांचे दर बघत बसले होते. घरी सुट्टीवर आलेले, दुसऱ्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. ‘मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला’ म्हणून उठले नाही. आणि नंतर दोन दिवाळ्यांना घरी जाऊनही आत्याकडे गेले नाही, कारण बाबांना आवडलं नसतं. परक्या आजीच्या दारात शेवंती घेऊन उभी राहिले, पण वाईपासून नऊ किलोमीटरवरच्या माझ्या आत्याच्या दारात नाही.

चहा पार गार झालाय. स्वेटरला अजून तो धूर आहे. ओट्यावर आजीनं दिलेली मनुक्यासारख्या काळ्या आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी आहे, झाकणावर फडकं, त्यावर रबर. किश्कुनवालीचा आत्ताच मेसेज आला की काल रात्री तिकडे दहिवर गोठलं, सगळ्यांची फुलं काळी पडली, आणि आजी सांगत फिरतेय की माझ्या बाजूची अजून पिवळी आहेत. थापा मारते म्हातारी.

हे सगळं लिहिल्यावर आत्याला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला, मग आपोआप बंद झाला. इथे सात वाजलेत. तिकडे साडेअकरा. आत्या नऊला झोपते.